टोचलेला रथ

बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. जेनोआच्या एका जुन्या दुकानातून त्यांनी ते चित्र आणलं होतं. चार घोड्यांचा रथ हाकणारा सूर्यदेव, करड्या कागदावर खडूने काढलेला. कुठल्याशा महालाच्या छतावर रंगवण्याआधी एका इटालियन चित्रकाराने तीनशे वर्षांपूर्वी केलेलं रेखाटन. सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

१९९२च्या रथसप्तमीला बाबा समुद्रावर होते. आईने चित्र फ्रेममधून काढलं, दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये पसरलं आणि त्यावरून रांगोळी फिरवली. रेषांवर बारीक भोकं होती, त्यामुळे खाली रथ उमटला. घोडे चारच. उरलेले तीन तिने हाताने काढले.

बाबा परतले तेव्हा त्यांना भोकांत पांढरी पूड दिसली, आणि तिच्यामुळे भोकंही पहिल्यांदाच.

"संजीवनीबाई, देवाला सुया टोचल्यात?"

"अहो, भोकं आधीचीच आहेत."

"हो ना! तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रांगोळीचे छापे विकत असतील."

माहेरी आई असे कागदी छापे सुईने टोचून करायची, हे त्यांना ठाऊक होतं. चित्र गुंडाळून त्यांनी कपाटावर टाकलं. भांडण झालं नाही. पाहुणे आले की मात्र रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणत, "इथे सूर्य होता. आमच्या बायकोने त्याची चाळण केली." सगळे हसत. आईही हसे.

गेल्या मार्चमध्ये बाबा गेले. आई म्हणाली, "ते चित्र दाखव कुणाला तरी. भोकं माझी नाहीत, एवढंच विचारून ये."

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या मिस लिमनी भिंगातून कागद पाहिला. "भोकं असणारच. असा कागद गिलाव्यावर धरायचे आणि वरून कोळशाची पूड मारायचे. भिंतीवर रेषा उमटायच्या. हा बघा, जुना कोळसा. पण ही पांढरी पूड कुणाची?"

"माझ्या आईची."

"मग तिने बरोबरच वापरलं, ला," त्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"मी हसायला नको होतं," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर. हसले, म्हणून ह्यांना ते खरंच वाटत राहिलं."

"आई, बाबा थट्टा करायचे."

"थट्टा असती," आई म्हणाली, "तर चित्र परत भिंतीवर लागलं असतं."