पूर्णगडची बॅटरी आणि चार मिनिटं

मी एक जुनी तीन सेलांची बॅटरी आहे. शहरात मला टॉर्च म्हणतात, पण पूर्णगडला माझं नाव बॅटरीच. मित्रांनो, माझा स्वभाव मुळातच उतावळा. मला पेटणं तेवढं येतं, त्यामुळे विझून बसले की जीव कासावीस होतो. त्या रविवारी संध्याकाळी तर माझ्या पोटातले सेलही खुळखुळत होते.

पण आधी जन्मकथा. एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं आणि रत्नागिरीच्या बाजारातून हरिश्चंद्रांनी मला घरी नेलं. ते मासेमारीला जात. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असे. भरतीचं पाणी पुरेसं चढण्याआधी होडी आत घेतली, की ती रुतलीच. म्हणून दिवेलागणीला त्यांची आठ वर्षांची लेक वैष्णवी काठावर उभी राहायची. मला दोन्ही हातांनी धरायची आणि पाणी चढलं की दोनदा लुकलुकवायची. दोनदा म्हणजे, 'पाणी आहे, या.' मग लांबवर होडी हलायची. "पोरीच्या बॅटरीवर माजा भरवसा हाय," असं हरिश्चंद्र सगळ्यांना सांगत. तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पुढे सगळ्यांकडे मोबाईल आले. हरिश्चंद्रांचे गुडघे धरले, होडी विकली गेली आणि मी सेलांसकट खणात पडले. एक सेल पाझरून माझी स्प्रिंग गंजली. दोन वर्षं कुणी विचारलं नाही, याचा राग मला अजून आहे. मग वैष्णवीने वडिलांना रत्नागिरीच्या आपल्या फ्लॅटवर आणलं, सामानात मीही आले. तिथे त्यांना दुसरा उद्योग नव्हता. काचकागदाने घासून घासून त्यांनी मला पुन्हा पेटवलं.

त्या रविवारी माळनाक्याजवळच्या एका कॅफेत 'ओपन माईक' होता. कुणीही उठावं आणि चार मिनिटं लोकांना हसवावं. वैष्णवीचं नाव पाचवं होतं. महिनाभर ती कढईपुढे उभी राहून तालीम करत होती. मी फ्रिजवर असायचे, म्हणून मला ठाऊक होतं की तिचे सगळे विनोद वडिलांवर आहेत. त्यांना मात्र याचा पत्ता नव्हता. "बाबा, तुम्ही नका येऊ, कंटाळाल," असं तिने तीनदा सांगितलं. तरी ते आले. परतताना वाटेत अंधार असतो म्हणून मला घेऊन आले.

कार्यक्रम चालवणाऱ्या सुजयने मला पाहिलं. "काका, चार मिनिटं झाली की बॅटरी एकदा मारा. म्हणजे उतरायचं."

"मारतंय," हरिश्चंद्र म्हणाले.

मला ते काम मुळीच आवडलं नाही. जन्मभर 'या' म्हटलं, आता 'जा' म्हणायचं. तरी पहिल्या चौघांना म्हटलं.

मग वैष्णवी माईकपुढे आली. पहिल्याच रांगेत वडील. "माझे बाबा..." म्हणाली आणि थांबली. होडी विकल्यापासून ते घरात मोजकंच बोलत. लोक हसले तर यांना लागेल, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती. खुर्च्या करकरल्या, मागे कुणीतरी खोकलं. माझ्या बटणावर अंगठा आला. मी मनात विनवत होते, नको, मला पेटवू नका, ती उतरेल.

अंगठा दाबला गेला. एकदा. मग पुन्हा एकदा.

सुजयला वाटलं, काकांची वेळ चुकली. वैष्णवी मात्र माझ्याकडे बघतच राहिली. ती खूण हरिश्चंद्रांनी वर्षानुवर्षं होडीतून पाहिली होती. स्वतः ते आज पहिल्यांदाच देत होते.

"माझे बाबा तीस वर्षं समुद्रात वाट चुकले नाहीत," ती म्हणाली. "परवा सुपरमार्केटात हरवले. सापडले फ्रीजरपाशी. आतल्या सुरमईला विचारत होते, 'कदी मेलीस गो?'"

लोक हसले.

"ती काय बोलली नाय, म्हणून घेतली नाय," हरिश्चंद्र बसल्या जागेवरून म्हणाले. मग तर कॅफे दणाणला. हसता हसता त्यांचा हात इतका हलत होता, की माझे सेल पुन्हा वाजायला लागले.

चार मिनिटं झाली. सुजयने खूण केली. पाच झाली. तो जवळ आला.

"बटाण अडाकलाय," हरिश्चंद्र म्हणाले.

मित्रांनो, माझं बटण ठणठणीत होतं. तुमच्या घरी खणात माझ्यासारखी कुणी पडली असेल तर तिचे सेल काढून ठेवा, अधूनमधून स्प्रिंग पुसत जा. आणि कुणी बोलायला उभं राहून अडखळलं, तर लगेच घड्याळ बघू नका. बटण अडकलंय म्हणा.