ओठांतल्या टाचण्या

आमची ही घरीच शिवणकाम करते. बेतताना टाचण्या ओठांत धरायची तिची जुनी सवय, आणि तशाच मिटल्या ओठांनी ती गिऱ्हाइकांशी, माझ्याशी, अडून बसलेल्या यंत्राशीही बोलते.

त्या दुपारी ती माझी विजार आत घेत होती. "किती आत घेऊ अजून? माणूस कमी नि विजारच जास्त उरलीय."

"मग तिलाच अहो म्हण," मी म्हणालो.

मी सहसा विनोद करत नाही. ती इतकी हसली की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाणी दिलं. ठसका थांबला. दोघंही विसरलो.

पुढे मात्र अधूनमधून खोकला येत राहिला. मी घरगुती वैद्यकाचं पुस्तक काढलं. कोरडा, कफाचा, भुंकल्यासारखा, घरघरणारा.

"ताप नाही, कफ नाही. कोरडा असावा," मी म्हणालो. खात्री नव्हती, मला कशाचीच नसते. "डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"कापडाची धूळ आहे हो. मिटा ते पुस्तक."

मी मिटलं.

काही आठवड्यांनी ती खोकली आणि हातातल्या पांढऱ्या अस्तरावर लाल शिंतोडे उडाले. तिने अस्तराची घडी घातली नि चप्पल शोधू लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खोकला कधी सुरू झाला?"

"ह्यांची विजार आत घेत होते तेव्हा."

बाईंचं पेन थांबलं. "सर्दीचा खोकला असा क्षण धरून येत नाही. तोंडात काही होतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर, बरगड्यांच्या आड, एक सरळ पांढरी रेघ होती. टोकाला बारीकसं गोल डोकं. मी एक पाऊल मागे सरलो. ही मात्र वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली."

"तोंडात काही असताना ठसका लागला, तर तो थांबला तरी त्याच दिवशी यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि रक्त दिसलं तर घडीभरही थांबायचं नाही. आता दुर्बिणीने निघाली तर ठीक, नाहीतर छाती उघडावी लागेल."

दुर्बिणीने टाचणी काढायला तिला आत नेलं. बाहेर बाकावर पिशवीतलं पुस्तक मी काढलंच नाही. दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात छोटी बाटली होती. टाचणी तळाशी पडली होती, थोडी काळवंडलेली.

हिला शुद्ध आली. आवाज घोगरा झाला होता. "विजार राहिलीय तुमची."

मला उत्तर सुचलं होतं. पण आधी तिच्या ओठांकडे पाहिलं. रिकामे होते.

मग बोललो.