रिकाम्या मास्कचा श्वास

टेबलावर पांढरं कापड, कापडावर एक खोका, खोक्याला नळी आणि नळीच्या टोकाला रबरी मास्क. मास्क कुणाच्याही तोंडावर नव्हता. तरीही तो घोरत होता.

घर्रर्र... घर्रर्र... घ... आणि मग एकदम चिडीचूप. सभागृहातली शे-दोनशे माणसं खुर्च्यांच्या कडेला सरकून बसली होती. बऱ्याच वेळाने मास्कने मोठा आचका दिला आणि पुन्हा घोरायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी घाबरून हात जोडले.

"ऐकलंत?" श्वासगुरू म्हणाले. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात माइक, आवाजात लोणी. "चार वर्षं हा मेलेला थोरला भाऊ आपल्या धाकट्याच्या छातीवर बसत होता. आज मी त्याला या खोक्यात बंद केलाय! डॉक्टर म्हणतात, झोपेची चाचणी करा. अहो, वायरी चिकटवून मेलेला माणूस सापडतो का?"

लोक हसले. धाकटा भाऊ मात्र हसला नाही. तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर, चांगला धिप्पाड गडी. तो उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला. "दादाच आहे हा! दादा असाच घोरायचा!"

तिसऱ्या रांगेत त्याची वहिनी बसली होती. घरात सगळे तिला मोठी म्हणत. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाई तपासायची आणि दुपारनंतर घरी शिवणकाम करायची. भुताखेतांच्या गोष्टींना तिने आयुष्यात भीक घातली नव्हती. पण हा आवाज तिने अकरा वर्षं उशाशी ऐकला होता. शेवटच्या रात्री घोरण्याला वैतागून ती उशी उचलून स्वयंपाकघरात झोपायला गेली आणि सकाळी नवरा उठलाच नाही. वय एक्केचाळीस. तेव्हापासून भिंतीपलीकडून दिराचं घोरणं ऐकू आलं, की तिला वाटायचं, नवरा जाब विचारायला आलाय. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दिराची तऱ्हा वेगळी. तो गुदमरून जागा व्हायचा, हातपाय हलायचे नाहीत आणि छातीवर दादा दिसायचा. दिवसा डोळे मिटायचे. एकदा सिग्नलला पोरांनी भरलेल्या बसमध्ये त्याला डुलकी लागली, तेव्हा डॉक्टरांनी चाचणीची चिठ्ठी दिली आणि तोवर बस चालवू नका म्हणून बजावलं. चिठ्ठी कपाटात गेली आणि बस चालूच राहिली. दादाला सोडवल्याशिवाय चाचणी काय करणार, असं त्याचं म्हणणं. मग श्वासगुरूंची जाहिरात आली: सिद्ध श्वासयंत्र, सगळ्यांना एकच माप, चाचणीची कटकट नाही.

"खोका घरी न्या," श्वासगुरू सांगत होते, "एकवीस दिवस मास्क लावा. दादा आपल्या वाटेने जाईल, तुम्ही आपल्या बसने!"

पुन्हा हशा. पुन्हा घोरणं आणि पुन्हा ती शांतता. मोठीने डोळे मिटले. रोज शेकडो कपडे उलटे करून आतली शिलाई बघणारी बाई ती, तिचं लक्ष आपोआप आतल्या बाजूला गेलं. त्या शांततेत अगदी बारीक काहीतरी वाजत होतं. खटखटखट, खटखट, मग कुंईं. पुन्हा खटखटखट, कुंईं.

तिने डोळे उघडले. हे तर तिचंच शिलाई मशीन! पट्टा सैल झाल्यापासून थांबताना असंच कुरकुरायचं.

तिने शेजारी बसलेल्या धाकट्या जावेचा हात धरला. "अगं, या गुरुजींनी तुझ्याकडून काही मागून घेतलं होतं का?"

"नावनोंदणीला फॉर्म भरून दिला, ताई. घरात कुणी अकाली गेलंय का, असं विचारलं होतं. आणि ह्यांचं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधे हे झोपले होते ना, तेव्हाचं पाठवलं."

मोठी उठली आणि थेट टेबलापाशी गेली.

"गुरुजी, आत भूत आहे ना? मग ते शिवणकाम का करतंय?"

श्वासगुरूंनी माइक सावरला. "ताई, आत्म्याला संसार आठवतो. बायकोच्या मशीनचा आवाज तो बरोबर घेऊन गेला."

लोकांनी माना डोलावल्या. वा, काय उत्तर!

"मशीन मी गेल्या वर्षी घेतलं. ते जाऊन चार वर्षं झाली."

"म्हणजे नवरा गेल्यावर तुम्ही नवी मशीनं घेता?" आवाजातलं लोणी संपलं. "मंडळी, आता कळलं ना, तो कुणावर रागावलाय?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. घाव बरोबर जिव्हारी बसला होता. पण पलीकडे दीर खोक्याला मिठी मारून उभा होता आणि दादासारखाच तोही एक दिवस उठणार नव्हता. ती वळून जावेला म्हणाली, "लाव ते फोनवरचं रेकॉर्डिंग. मोठ्याने लाव."

धाकटीने फोन श्वासगुरूंच्या गळ्यातल्या माइकपुढे धरला. घर्रर्र... घ... शांतता. खटखट, कुंईं. आचका. खोक्यातला आवाज आणि फोनमधला आवाज काही सेकंदांनी मागेपुढे चालले होते. दोन माणसं शेजारी शेजारी झोपल्यासारखी वाटत होती.

"हा... हा मी आहे?" दीर पुटपुटला.

"हो भाऊजी, तुम्हीच."

पुन्हा शांतता आली. ती संपेना. दीर स्वतःचा श्वास परत यायची वाट बघत उभा होता.

"वहिनी, एवढा वेळ थांबतो?"

"थांबतो. दादांचाही थांबायचा. मी त्यांना कुशीवर वळवायचे. त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत होते."

दिराने खोका उचलून टेबलाच्या कडेवर आपटला. झाकण निघालं. आत एक बारकासा पंखा होता, धड वाराही न देणारा, आणि त्याच्या शेजारी आवाज वाजवणारा खेळण्यातला स्पीकर. लोकांनी माना वर करेपर्यंत श्वासगुरू मागच्या दाराने पसार झाले होते. माइक तेवढा गळ्यातच राहिला, त्यामुळे त्यांची धापाधाप सभागृहात बराच वेळ ऐकू येत होती.

इस्पितळातल्या चाचणीत कळलं की दिराचा श्वास तासाला अडतीस वेळा थांबत होता. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. झोपेत घसा मिटतो, हवा अडते, मेंदू दचकून जागा होतो. कधी मेंदू जागा होतो आणि शरीर मात्र झोपेतच जखडलेलं राहतं. मग मनात जे असेल, ते छातीवर बसलेलं दिसतं. योग्य दाबाची हवा मास्कमधून दिली की घसा उघडा राहतो. तो दाब प्रत्येकाचा वेगळा असतो.

हवा देणारं ते मशीन घ्यायला तिघं गेली, तेव्हा दुकानदार अगदीच रुक्ष निघाला. "आधी डॉक्टरांची चिठ्ठी," म्हणाला. ती नसती तर त्याने मशीन दिलंच नसतं. मग दिराला बाकावर आडवं करून त्याने तीन मास्क लावून बघितले. कुठून हवा गळते ते बोट ठेवून तपासलं. हवा गाळणारी जाळी कधी बदलायची, नळी कशी धुवायची, बिघाड झाला तर कोण येणार आणि मास्क टोचला तर किती दिवसांत बदलून मिळेल, हे सगळं लिहून दिलं. पावतीवर मशीनचा क्रमांक घातला. बरं वाटेलच ना, असं जावेने विचारलं, तर म्हणाला, "ते मशीनमधली नोंद बघून डॉक्टर सांगतील. मी कसं सांगू?" त्याने एकाही चमत्काराचं वचन दिलं नाही, आणि मोठीचा तिथेच विश्वास बसला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच दीर पुन्हा बसवर गेला. छातीवर आता कुणी येत नाही. चाचणीनंतर इस्पितळातून निघताना मोठीने डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठून विचारलं होतं, "चाचणी झाली असती, तर हे वाचले असते?"

"आता नक्की नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण एक संधी मिळाली असती."

सभागृहातली माणसं अजून मोठीकडे येतात. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची आई. खोका कुठला घ्यावा, म्हणून विचारतात. ती हातातलं शिवण खाली ठेवते.

"खोका नंतर. चाचणीशिवाय विकणारा आणि मेलेल्यांची नावं घेणारा दिसला, की आधी उठून बाहेर पडा. आणि घरातलं माणूस घोरता घोरता गप्प झालं, तर ते किती वेळ गप्प राहतं ते मोजा आणि डॉक्टरांना सांगा." मग शिवण पुन्हा उचलत म्हणते, "मी मोजत होते हो. रोज मोजत होते. सांगितलं मात्र कुणालाच नाही."