लांडग्याचा वाटा

“नवी साडी काऊन नेसली? ते पोरगी लांडगे मोजाले येऊन राह्यली, तुले पाहाले नाई,” जंगलू रुखमाच्या कानाशी पुटपुटला.

रुखमानं पदर सारखा केला, उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या किरकिरीला उत्तर न देणं एवढीच काय ती तिची चैन.

समाजमंदिराच्या ओट्यावर गाव जमलं होतं. ती पोरगी, मोहिनी, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून आली होती; गावामागच्या बरडावर कोणकोणती जनावरं राहतात ते ती लिहून नेणार होती. त्या दगडाळ माळावर गावाच्या बकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चरत आलेल्या. आता तिथं कुंपण पडणार म्हणत होते. पण लांडगा राहतो असं कागदावर आलं तर कुंपण थांबेल, असंही म्हणत होते. म्हणून सरपंच रूपरावनं सकाळीच घरोघर फिरून बजावलं होतं, की विचारलं तर लांडगा आहे म्हणायचं. रुखमाच्या अकरा बकऱ्या होत्या. बरड गेलं तर त्या विकाव्याच लागल्या असत्या. तिनंही मान हलवली होती.

आणि काय सांगावं, ज्या गावानं बारा वर्षांत लांडग्याची शेपूट पाहिली नव्हती, त्याला तासाभरात आठ लांडगे दिसले. एकानं तर पाणी पिताना पाहिला, तोही हातपंपावर. मोहिनी मान खाली घालून सगळं लिहीत होती. मग तिनं वही मिटली आणि म्हणाली, की आजी, तुम्ही लांडग्याची गोष्ट छान सांगता म्हणे.

गोष्ट म्हटली की रुखमाला माणसांचा विसर पडायचा. ती मांडी घालून बसली. सांगू लागली, की पहिल्या बकरीवाल्यानं पहिल्या लांडग्याशी बोली केली. दर साली पहिलं पिल्लू तुझं. त्याच्या कानाला मी चीर देईन, कळपात सोडीन, तू नेशील तेव्हा काठी उचलणार नाही. तू मात्र दुसऱ्याला तोंड लावायचं नाही. लांडगा म्हणाला, बरं. तेव्हापासून पहिल्या पिल्लाच्या कानाला चीर द्यायची रीत पडली, आणि लांडगा चीर पाहून, निवडून न्यायचा.

“मंग एक साल तो रुसला,” रुखमा म्हणाली, “अन् डोंगराच्या तिकडं निंघून गेला.”

गोष्ट इथवर आली की गावातली लेकरं झोपून जायची. मोहिनी झोपली नाही.

“का रुसला, आजी?”

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जंगलूनं बोटांतली विडी उगाच दुसऱ्या हातात घेतली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना एकदम आपापल्या चपला दिसू लागल्या.

रूपराव हसला. त्यानं सांगून टाकलं, की लांडग्याची नियतच फिरली, बाई. वाटा सोडून ह्याच रुखमावहिनीच्या तीन बकऱ्या नेल्या त्यानं. शब्द त्यानंच मोडला, मग लाजून गेला. पण येतो, अजून येतो, लिहा तुम्ही.

रुखमाला खोटं चालत होतं. आठ लांडगे तिनं निमूट ऐकून घेतले होते, हातपंपावरचाही. पण हे तिला चाललं नाही.

बारा वर्षांपूर्वी, त्या साली पहिलं पिल्लू झालं ते कपाळावर पांढरा ठिपका घेऊन. तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या कानाला चीर दिली. चीर देताना ते तिचं बोट चोखत होतं. झालं. कळप बरडावर निघाला की ती त्याला घरात बांबूच्या डालीखाली झाकून ठेवायची. लांडगा आला, चीर शोधत कळपाभोवती फिरला असेल. किती दिवस फिरला, कुणास ठाऊक. मग त्यानं जे हाती लागलं ते नेलं. गाव चिडलं. माणसं त्याच्या बिळाकडे निघाली तेव्हा बिळात धूर करायला वाळल्या मिरच्या मागायला जंगलू घरी आला, आणि तिनं पदरभर काढून दिल्या. डालीखाली पिल्लू ओरडत होतं. तिनं वर पोतं टाकलं.

“त्यानं नाई मोडला शब्द,” रुखमा म्हणाली. “त्याचा वाटा मी डालीखाली लपवलता.”

रूपरावचं हसू तोंडावरच राहिलं. जंगलूनं बायकोकडे पाहिलं. हे त्यालाही माहीत नव्हतं. बिळाच्या तोंडावरचे दगड त्यानं रचले होते. घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हता तो, आणि तिनंही का म्हणून विचारलं नव्हतं. आता त्यानं तिचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, “चूप राह्य, रुखमा. बरड हातचं जाईन.”

“जाईन बरड,” ती म्हणाली.

मोहिनीनं पुन्हा वही उघडली होती, पण पेन टेकवलं नव्हतं. रुखमानं मनगट सोडवून घेतलं.

“तो रुसला नाई, पोरी. त्याची पिल्लं आतच होती. आमी बीळ बुजवून मारली.”