सात त्याचे, सात माझे

नवऱ्यापासून वेगळी झाले ती त्याच्या नियमांना कंटाळून, आणि कोरोनात गावाने नेमकं त्यालाच दक्षता समितीचा अध्यक्ष केलं! आता बोला!

चार नातेवाइकांसमोर आमचं ठरलेलं. आठ वर्षांची हर्षाली सात दिवस माझ्याकडे नंदुरबारला, सात दिवस नवनीतकडे, म्हसावदपुढच्या गावात. त्या रविवारी मी पास काढून, तोंड बांधून तिला सोडायला गेले, तर वेशीवर बाभळीचे काटे टाकलेले आणि काट्यांमागे नवनीत, हातात वही.

"भायेरनं कोनीबी येवो, चौदा दिन शाळामां," तो म्हणाला. "मन्ही पोर शे म्हनीसन काय व्हयनं?"

आणि खरंच, पोटच्या पोरीला त्याने तिसरीच्या वर्गात ठेवलं. सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, खिडकीतून भाकरी देत. बाप दहा फुटांवरून हजेरी घेई.

पुढच्या रविवारी मी आणायला गेले. "सात दिवस झाले. पोर द्या."

"चौदा व्हवाले जोयजेत. आनि मन्हा सात दिन तर अजून सुरूच नही व्हयनात. ती मन्हा घर उनीच नही."

म्हणजे चौदा शाळेचे, मग सात त्याचे. आणि माझे कधी, पुढच्या उन्हाळ्यात? माझं डोकंच सटकलं. काटे लाथेने बाजूला सारले, साडी फाटली तर फाटू दे म्हटलं, आणि थेट वर्गात शिरून पोरीला छातीशी धरलं. आठवड्यात निम्मी झाली होती हो! मला रडूच फुटलं.

नवनीत मागोमाग दारापर्यंत आला आणि त्याने वही उघडली. मी बाहेरची, म्हणून मला चौदा दिवस. पोर मला शिवली, म्हणून तिचे परत एकपासून. हे तो दारातून वाचून दाखवत होता, तेवढ्यात हर्षाली माझ्या हातून सुटली आणि धावत जाऊन बापाच्या कमरेला बिलगली.

दोन्ही हात वर करून तो नुसता उभा. सगळं गाव बघतंय, आणि नियम स्वतःचाच! शेवटी मुकाट्याने चपला काढून आत येऊन बसला. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "दोन वरीस एक छपरखाले येत नव्हतात, आते कसा चालीसन उनात?"

मग काय, आम्ही तिघं तिसरीच्या बाकांवर. प्रेमबीम काही उफाळून आलं नाही, सांगून ठेवते. तो रोज सकाळी स्वतःचीच हजेरी घेई, फळ्यावरचा आकडा बदली, आणि मी त्याच्याशी भांडे. हर्षाली मात्र आमच्या मधे दुपारभर गाढ झोपे.

तेराव्या दिवशी सकाळी गावातला गोवाल आला. नंदुरबारहून जीपने भाजी आणायची परवानगी त्याला होती, कोणाला न शिवण्याच्या अटीवर. हर्षालीने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला.

"गोवालकाका, मन्हा हात धरा ना!"

बिचारा घाबरून मागे सरला. भाजीची पिशवी तेवढी तिच्या बोटांना लागली.

"काय करी ऱ्हायनी तू?" नवनीत ओरडला.

"परत एकपासून मोजा ना पप्पा," ती म्हणाली. "उद्या संपलं की मम्मी जाईल."

नवनीतने वही चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. "पिशवी म्हनजे वस्तू. नियम मानसंसले शे," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या सुट्टी."

पोर रडली नाही, हट्ट केला नाही. दप्तर उघडून कपडे भरायला लागली. निम्मे भरले आणि थांबली.

"हे कोणाकडे न्यायचे?"

मी उठले. गजांतून कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवी खिडकीत ठेवायला पुढे झालेल्या गोवालचा हात असा करकचून धरला, की तो "ओ ताई, सोडा, मन्ही जीप चालू शे!" करत राहिला.

"बघताय काय?" मी नवनीतला म्हटलं. "फळा पुसा."