पिशवी पाऊणच भरायची

आर्नदीसचं घर विकायचं ठरलं ते एका पेन्सिलीपायी. एरवी ते घर हलवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने शेजारच्याचं अख्खं छप्पर उचलून खाडीत नेऊन टाकलं, तेव्हासुद्धा हे लाल पत्र्याचं घर जागचं हाललं नाही. नवरा गेला, मुलगी शहरात गेली, गावातलं दुकान अर्धं बंद झालं, तरी आर्नदीस त्याच खिडकीत त्याच कपातून कॉफी पीत बसली. आणि आता दोन बोटांएवढ्या पेन्सिलीने तिला घराबाहेर काढलं होतं.

नोव्हेंबरात तिला सदुसष्ट पूर्ण व्हायची होती. बेचाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभं राहून काटे काढले, आता पेन्शन. बाई शिकलेली चौदाव्या वर्षापर्यंत, पण तिला अडाणी म्हणणाऱ्याने आधी तिच्या कोठीच्या दाराची आतली बाजू बघावी. दर वर्षी ऑक्टोबरात, मेंढीच्या पोटाच्या पिशव्यांत रक्त नि कलेजी भरून, शिवून, हिवाळ्यासाठी शिजवून ठेवायच्या दिवशी, ती त्या दारावर चार भाव लिहायची: कॉफीचं पाकीट, पीठ, पाच मेंढ्यांची वजडी, आणि घर गरम ठेवायच्या विजेचं बिल. चाळीस वर्षांचे आकडे होते तिथे. महागाई म्हणजे काय ते तिला टीव्हीवरच्या टायवाल्यांनी शिकवायची गरज नव्हती.

तर ह्या दाराकडे बघून तिने हिशेब मांडला. एका बाजूला जाणारं, दरसाल शेकडा पाच वाढणारं. दुसऱ्या बाजूला येणारं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही आकडे समोरासमोर आले, आणि पंचाहत्तराव्या वर्षी जाणाऱ्याने येणाऱ्याला गिळलं. तिने तीनदा मांडलं. तिन्ही वेळा तेच. मग तिने राजधानीतल्या, रेक्याविकच्या एका दातांच्या डॉक्टरला फोन केला. त्याला उन्हाळ्यापुरतं घर हवं होतं, दोन वर्षं मागे लागला होता. रविवारी नक्की सांगते, म्हणाली. आणि फोन ठेवून कोठीत जाऊन दाराकडे तोंड करून उभी राहिली. रडली नाही. रडायची सवय असलेली बाई ती नव्हेच.

शनिवारी तिची मुलगी हाल्बेरा आली, दर ऑक्टोबरात येते तशी, पिशव्या भरायला. पण ह्या वेळी गाडीत पुठ्ठ्याचे खोके होते, घडी करून ठेवलेले.

"हे काय?" आर्नदीसने विचारलं.

"असू देत गं आई. नुसते आणलेत."

"नुसते कुणी खोके आणतं? मी अजून जिवंत आहे म्हटलं."

"आमच्याकडची खालची खोली रंगवून घेतलीय. खिडकी आहे तिला."

"खिडकीतून काय दिसतं?"

हाल्बेरा खोक्यांकडे बघत म्हणाली, "गाडी."

बादलीतल्या रक्तात पीठ, ओट आणि चरबीचे तुकडे घालून आर्नदीस कोपरापर्यंत हात बुडवून कालवू लागली.

तेवढ्यात बोग्गा आली. बोग्गा म्हणजे कारखान्यात तीस वर्षं आर्नदीसच्या शेजारी उभी राहिलेली बाई. जिभेने तिखट, हाताने संथ, आणि पेन्शनीत वर्षभर आधी गेलेली. येताना स्वतःची सुई आणि अंगुस्तान घेऊनच आली. चष्मा शोधायला तिने पर्स टेबलावर उलटी केली.

"पोरी, पाऊणच भर!" आर्नदीस लेकीवर ओरडली. "चाळीस वर्षांची झालीस तरी तुला पिशवी भरता येत नाही. आतले ओट पाणी पिऊन फुगतात, माहीत आहे ना? गळ्यापर्यंत भरलीस की पातेल्यात फाटते."

"थोडी जास्त भरली तर काय होतंय?"

"काय होतंय ते पातेल्याला विचार."

बोग्गा हसली, सुईत दोरा ओवला. आर्नदीसची नजर मात्र टेबलावरच्या एका कागदावर गेली होती. बोग्गाची पेन्शनची पावती होती ती, समासात साखर, लोणी, दिव्याचे बल्ब अशी यादी लिहिलेली. कारखान्यात उलटं धरलेलं वेळापत्रक वाचायची सवय असल्याने आर्नदीसला पावतीही उलटी वाचता आली.

"बोग्गा, मागल्या ऑक्टोबरात तू मला दोन लाख अठरा हजार सांगितले होतेस."

"मग?"

"इथे दोन लाख सत्तावीस हजार लिहिलेत. घरी बसून नऊ हजारांची बढती? कुणाला बाटली पाजलीस?"

"पाजते कुणाला! महागाईचा निर्देशांक आहे तो."

आर्नदीसचा हात बादलीत थांबला. निर्देशांक हा शब्द त्या घरात मेलेल्या सासूसारखा होता, नाव काढलं की सगळे गप्प. ब्याऐंशी साली तिने आणि तिच्या नवऱ्याने, सोल्व्हीने, घरासाठी चार लाख क्रोना काढले. कर्ज निर्देशांकाला बांधलेलं: भाव वाढले की कर्जाची मुद्दलही वाढणार. पगारही तेव्हा तसाच बांधलेला होता, पण पुढच्याच वर्षी सरकारने पगाराची ती गाठ सोडली आणि कर्जाची तशीच ठेवली. आठ वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, आणि नवव्या वर्षी कर्ज सत्तावीस लाख. सोल्व्ही तो कागद हातात धरून म्हणाला होता, "आपण फेडतोय की त्याला पोसतोय?" शेवटचा हप्ता तिने एकटीने भरला, तो गेल्यानंतर.

"निर्देशांक काढून घेतो," ती म्हणाली. "देत नाही."

"कर्जात काढून घेतो. पेन्शनीत देतो. दर महिन्याला. भाव वाढले की तीही वाढते."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? खात्यात येतात!"

"आई," हाल्बेरा हात पुसत म्हणाली, "तू काय मांडलं होतंस ते दाखव बरं."

"त्यात दाखवायचं काय आहे?"

"दाखव गं."

पावाच्या डब्याखालून कागद निघाला, कॅलेंडरचं जुनं पान. सोबत पेन्शन फंडाचं पत्र. पत्रात तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: ही रक्कम निर्देशांकाला बांधलेली आहे. त्या ओळीखाली आर्नदीसने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. हाल्बेरा आकड्यांवरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"आई, तू येणारी रक्कम दरसाल कमी केलीयस?"

"मग? निर्देशांकाला बांधलीय ना! त्याचा वाटा तो काढणारच."

"म्हणजे खर्च शेकडा पाचाने वाढवलास आणि पेन्शन शेकडा पाचाने घटवलीस?"

"मी डोळे मिटून दूध पिणारी मांजर नाही."

बोग्गाने शिवण खाली ठेवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं हे ठीक. इथे बाई ताकाची वाटीच मोरीत ओतायला निघाली होती. पण बोग्गा तसं बोलली नाही. तीस वर्षांत एवढं ती शिकली होती.

"थांब," ती म्हणाली, आणि एप्रनसकट बाहेर पडली. तीन घरं सोडून तिचं घर. परत आली ती बिस्किटांचा डबा घेऊन. त्यात पेन्शनच्या सगळ्या पावत्या, पहिलीपासूनच्या. पिशव्या एका बाजूला सारून तिने त्या महिन्यांप्रमाणे मांडल्या.

आर्नदीसने शिवून झालेल्या पिशव्या चुलीवरच्या पातेल्यात सोडल्या, हात धुतले, चष्मा लावला, आणि मासा तपासावा तशी एकेक पावती उजेडाला धरली. आठशे वाढले. बाराशे वाढले. पाचशे. मग ती जानेवारीवर अडली.

"हे बघ! इथे दोनशे खाली आलेत. काढलेच शेवटी!"

"जानेवारीत दुकानांचे सेल लागतात की नाही? कपडे स्वस्त, बूट स्वस्त. भाव उतरले, तीही उतरली. फेब्रुवारी बघ."

फेब्रुवारीत उतरलेले दोनशे परत आले होते, वर आणखी नऊशे घेऊन.

आर्नदीस खुर्चीवर बसली. त्या जानेवारीनेच तिची खात्री पटली. फसवणाऱ्याने आकडा नुसता वर वर चढवून दाखवला असता. खरं आहे ते थोडं पाय घसरत चालतं. ज्या कुत्र्याने चाळीस वर्षं तिच्या पोटऱ्या फोडल्या, तोच आता दाराशी राखणीला बसला होता, आणि ती त्याला भिऊन घर सोडून पळत होती.

"नवीन कागद आण," ती लेकीला म्हणाली.

भाव आणि पेन्शन बरोबरीनेच वाढणार, म्हणून ह्या वेळी हिशेब आजच्याच भावाने मांडला. फंडाचं, सरकारचं मिळून, कर जाऊन हातात महिना तीन लाख दहा हजार. हाल्बेरा म्हणाली, तेवढे सगळे खर्च करता येतील.

"येतील, आणि मग पातेल्यात फाटेल," आर्नदीस म्हणाली. "उठ, दार बघ."

दारावरच्या आकड्यांत सरळ दिसत होतं: कॉफी निर्देशांकाच्या मागोमाग चालते, वीज मात्र पुढे पळते. शिवाय पत्रा. शिवाय सरकारी वाटा. तो दरसाल वाढतोच असं नाही, मंत्र्यांची आठवण कधी तोकडी पडते. म्हणून तिने घरखर्च दोन लाख तीस हजारांवर बांधला आणि उरलेल्यावर पेन्सिलीने गोल केला. हात लावायचा नाही. फुगायला जागा.

"आणि पंचाहत्तराव्या वर्षी?" हाल्बेराने विचारलं.

आर्नदीसने खालपर्यंत मांडलं. पंचाहत्तर. ऐंशी. पंच्याऐंशीला पत्रा बदलूनसुद्धा शिल्लक होती. नव्वदीला तिने पेन्सिल ठेवली.

"त्यापुढे तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि छातीत अडकून राहिलेला श्वास असा बाहेर टाकला की टेबलावरच्या पावत्या उडाल्या. बोग्गा हसायला लागली. मग हाल्बेरा. मग ती स्वतः. हसता हसता एप्रनने डोळे पुसले, आणि कांद्याचं नाव घ्यायला जवळ कांदाही नव्हता.

"आई, इतकी वर्षं चुकीचं..."

"चुकलं कुठे? सावध होते मी. सावध बाई उपाशी मरत नाही."

रविवारची वाट न बघता तिने डॉक्टरला फोन लावला. तो पलीकडून बराच वेळ बोलला. मग आर्नदीस म्हणाली, "नाही हो, किंमत कमी नाही वाटली. विकायचंच नाही. माझं भागतंय... उन्हाळ्यात या की कॉफीला. पण दात तपासायचे भाव तुम्ही दर वर्षी वाढवता, तेही मी दारामागे लिहून ठेवलेत बरं का." आणि ठेवला फोन.

"दाताचे कुठे लिहिलेस?" बोग्गाने विचारलं.

"आता लिहीन."

तेवढ्यात चुलीवरच्या पातेल्यात फस्सकन आवाज झाला. झाकण उघडलं तर एक पिशवी फाटून पाणी गढूळ झालं होतं. तिघी वाकून बघत राहिल्या. गळ्यापर्यंत कुणी भरली होती ते उघड होतं.

"हाल्बेरा," आर्नदीस म्हणाली, पण ओरडली नाही. फाटलेली पिशवी पळीने काढली, तीन ताटल्यांत वाटली, वर साखर भुरभुरवली, आणि तिघींनी उभ्या उभ्याच गरम गरम खाल्ली. उरलेल्या थंड झाल्यावर खोक्यांत भरल्या. हाल्बेराच्या फ्रीजरमध्ये मावतील तेवढ्या. खोके मापाचेच निघाले.