कोट बसतो की नाही

बाबांच्या मृत्युपत्रात सगळे होते. घर ताईला. दुकान तिथल्या कारागिराला, कारण तो तीस वर्षं त्याच स्टुलावर बसत होता आणि त्याला उठवणं बरं दिसलं नसतं. मोठी कात्री काजं करणाऱ्या बाईंना. इस्त्री शेजाऱ्यांना. आणि बाबा ज्याच्यावर कोट चढवून बघायचे तो बिनमुंडक्याचा, कापूस भरलेला पुतळा दूधवाल्याला. दूधवाला एकदा सहज म्हणाला होता, "छान उभा राहतो हो." आता तो दूधवाल्याकडे छान उभा राहतो.

मी नव्हतो. दोनदा वाचलं. मग कागद उलटून बघितला. मागे कुणाच्या तरी विजारीचं माप होतं. म्हणजे मृत्युपत्रात एक अनोळखी कंबरसुद्धा होती, छत्तीस इंच. मी नव्हतो.

ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून घरात बाबा आणि मी. शेवटच्या चार वर्षांत बाबांना सुईचं नेढं दिसेना. त्यामुळे रोज कामावर जाण्याआधी मी पंचवीस सुयांत दोरा ओवून त्या पुतळ्याच्या छातीत टोचून ठेवायचो. संध्याकाळी परत येईपर्यंत छाती रिकामी झालेली असायची. आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

मी लिफ्टच्या कंपनीत फोन घेतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला की दार उघडेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, हे माझं काम. दार उघडलं की लोक फोन ठेवून देतात. 'येतो हं' असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवलं.

वकिलांनी मृत्युपत्र वाचून चष्मा काढला. "दोनच शक्यता आहेत. एक तर वडिलांनी तुम्हाला मुद्दाम वगळलं, नाहीतर त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणती चालेल?"

"फरक काय?"

"पहिलीत घर जातं. दुसरीत वडील जातात. पण ते तसेही गेलेत."

मी दुसरी घेतली. घर नको होतं असं नाही, मी त्यात राहत होतो. पण खरं सांगायचं तर मला कुणीतरी शिक्का मारून द्यायला हवं होतं की बाबा मला विसरले. विसरलं असेल तर चालतं. माणूस छत्रीही विसरतो, म्हणून त्याचं छत्रीशी वैर नसतं.

सुनावणीला मी माझा एकुलता एक कोट घालून गेलो. तीच चूक झाली.

ताईच्या वकिलांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोट छान आहे. कुणी शिवला?"

"बाबांनी."

"कधी?"

"गेल्या वर्षी. थंडीच्या आधी."

"म्हणजे मृत्युपत्र केलं त्याच महिन्यात. माप कोणत्या तारखेला घेतलं?"

"माप घेतलं नाही. घरातल्यांची मापं बाबा घेत नसत. गिऱ्हाइकांची वहीत लिहायचे. म्हणायचे, जे विसरायची भीती असते ते लिहायचं."

माझ्या वकिलांनी कपाळावर हात ठेवला. आपण काय बोललो ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

"मग आता एवढंच सांगा," ताईचे वकील म्हणाले, "कोट बसतो की नाही?"

माझे वकील उठले. "माझे अशील शिंपी नाहीत!"

"मग शिंप्याला विचारू," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

शिंपी हजरच होता. समोरच्या दुकानातला. तोंडात कायम टाचण्या, म्हणून बाबा त्याला टाचणी म्हणायचे. दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण दिवसभर एकमेकांच्या खिडकीत बघत असायचे. बाबांना त्याच्याइतकं कुणीच बघितलं नसेल. बाबा शेवटपर्यंत कसे वागत होते ते सांगायला ताईने त्याला बोलावलं होतं.

टाचणी माझ्याभोवती फिरला. पाठ चाचपली. बाही ओढली. मग डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. गेल्या सात महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मी श्वास रोखून उभा राहिलो, पुतळ्यासारखा.

"याचा हा खांदा अर्धा इंच खाली आहे. लहानपणी पडला होतास?"

"झाडावरून."

"आतून भर घातलीय. बाहेरून कळत नाही." त्याने बाईंकडे बघितलं. "या माणसाचं डोकं ठिकाणावर होतं, बाई. हे सांगताना मला अजिबात आनंद होत नाहीये."

"तुमचं काय म्हणणं?" बाईंनी मला विचारलं.

माझे वकील खोकल्यासारखं करून पुटपुटले, "काखेत घट्ट होतो म्हणा." तेवढंच म्हणायचं होतं. काख माझी, कोट माझा, कोण तपासणार होतं?

"बसतो," मी म्हणालो. "काखेतसुद्धा."

दावा फेटाळला.

बाहेर ताई जिन्यापाशी थांबली होती. "महिनाअखेरपर्यंत राहा तू. घाई नाही."

"नाही गं, कसली घाई."

तिने कोटाची कॉलर उगाच सरळ केली. ती सरळच होती. "माझ्या लग्नाच्या कपड्यांना मला दोनदा मापाला बोलावलं होतं बाबांनी. वहीत आहे बघ, सतराव्या पानावर. माझ्या वरती पोस्टमन आहे."

"तुला घर दिलंय, ताई."

"हो ना," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून गेली.

मी पायऱ्यांवर बसलो. पायऱ्या लांबलचक होत्या, मी एका टोकाला. टाचणी खाली उतरत होता, तो थबकला.

"आता तुझी मापं कुणाकडे आहेत?"

"कुणाकडे नाहीत."

"पुढचा कोट?"

मी खांदे उडवले. एक जरा कमी उडाला. त्याने उसासा टाकला, पिशवीतून वही काढली आणि गळ्यातली टेप ओढली. "उभा राहा. हात सोड. पोट आत घेऊ नकोस, मला फसवून काय मिळणार?"

येणारे-जाणारे बाजूने वळून जात होते. त्याने छाती लिहिली, बाही लिहिली, डावा खांदा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. मग पानाच्या वरती पेन्सिल टेकवली.

"नाव?"

मी सांगितलं. त्याने नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि तो लिहून होईपर्यंत वहीत बघत राहिलो.